शनिवार आपोआप भरतो, प्रश्न मंगळवारचा असतो

मुळशी-ताम्हिणी पट्ट्यातलं कुठलंही शिबिर केंद्र घ्या. तंबू असोत, डॉर्मिटरी असो की कौलारू खोल्या, शनिवारची रात्र भरते. रस्त्यावर पाटी दिसली आणि फोन वेळेवर उचलला, तरी तेवढ्यावर ती भरते. पण वर्षात शनिवार ५२. म्हणजे ३६५ रात्रींपैकी जेमतेम १४ टक्के. शुक्रवार धरला तरी १०४ रात्री, २८ टक्के. स्वयंपाकी, राखणदार आणि साफसफाईच्या मावशींचा पगार मात्र बाराही महिने चालू असतो. म्हणून आमच्याकडे मार्केटिंगचा विषय निघाला की पहिला प्रश्न एकच असतो: कुठल्या रात्रीसाठी? शनिवारच्या जाहिरातीवर घातलेला पैसा बहुतेक वाया जातो, कारण जो येणारच होता तोच त्या जाहिरातीवरून फोन करतो.

पुढचा सगळा हिशेब साठ माणसांची सोय असलेल्या, पुण्याहून दोन-अडीच तासांवरच्या केंद्राचा आहे. याहून मोठ्या रिसॉर्टचं गणित वेगळं असतं.

आठवड्याच्या मधल्या दिवशी चौघांचं कुटुंब येत नाही. मुलांची शाळा असते, मोठ्यांचं ऑफिस असतं. मंगळवार-बुधवारी येतो तो गट, आणि गटात चाळीस जण असले तरी ठरवणारा माणूस एकच असतो. शाळेत सहलप्रमुख शिक्षिका, कंपनीत एचआरमधलं कुणीतरी, योगवर्गाच्या ताई, ज्येष्ठ नागरिक संघाचे कार्यवाह, दहावीच्या १९९५ च्या बॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवणारा उत्साही मित्र, पतसंस्थेचे व्यवस्थापक. या माणसांची यादी हाच धंद्याचा कणा. इन्स्टाग्रामचे फॉलोअर दहा हजार झाले तरी त्यात सहलप्रमुख शिक्षिका चार निघतील की नाही, शंकाच आहे.

सगळेच गट मागे लागण्यासारखे नसतात, हेही सांगायला हवं. महाविद्यालयांची एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजनेची) विशेष शिबिरं सात दिवसांची असतात, ऐकायला फार छान वाटतं. पण ती दत्तक घेतलेल्या गावात, शाळेच्या किंवा मंदिराच्या सभागृहात होतात आणि स्वयंसेवकामागे मिळणारं अनुदान तुटपुंजं असतं. तिथे दरपत्रक पाठवून दोघांचाही वेळ जातो. आषाढ संपता संपता गटारीच्या नावाने येणारे फोन हीसुद्धा अशीच गोष्ट. पैसा रोख असतो, पण त्याच रात्री शेजारच्या डॉर्मिटरीत शाळेची मुलं असतील तर ती शाळा पुन्हा येत नाही, आणि ती शाळा ज्या दुसऱ्या शाळेला सांगते तीही येत नाही.

वर्षाचा तक्ता

कामाला सुरुवात मे महिन्यात होते. भिंतीवर बारा महिन्यांचा मोठा तक्ता लावायचा आणि त्यावर तीन कॅलेंडरं एकावर एक चढवायची: शाळेचं, कंपनीचं आणि पंचांगाचं. शाळा जूनमध्ये उघडते, सहलीचा निर्णय जुलै ते सप्टेंबरमध्ये होतो, सहल दिवाळीनंतर निघते आणि जानेवारीअखेर संपते, कारण पुढे बोर्डाच्या परीक्षा. कंपनीचं वर्ष एप्रिल ते मार्च. जानेवारी-फेब्रुवारीत प्रशिक्षणाच्या बजेटमधले उरलेले पैसे संपवायची घाई असते. पंचांगाचं सांगायचं तर गणपतीचे दहा दिवस मराठी गट घर सोडत नाही, पितृपक्षात गेट-टुगेदर कुणी ठेवत नाही, पण कंपन्यांना पितृपक्षाचं काही सोयरसुतक नसतं. तो पंधरवडा सरळ कंपन्यांसाठी राखून ठेवायचा.

इथे एक खाचखळगा आहे. ‘गेल्या वर्षी याच आठवड्यात किती बुकिंग होतं’ ही तुलना आपल्याकडे लागू पडत नाही. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती १४ सप्टेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन थेट ८ नोव्हेंबरला. म्हणजे दिवाळीची सुटी संपून शाळा रुळावर येईपर्यंत नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा उजाडतो आणि सहलींचा हंगाम अडीच-तीन आठवड्यांनी आखूड होतो. अशा वर्षी डिसेंबरच्या मंगळवार-बुधवारला सवलत द्यायची गरजच पडत नाही. उलट शाळांना ऑगस्टमध्येच सांगायचं की या वर्षी दिवस कमी आहेत, तारीख लवकर धरा. हे खरंही असतं, त्यामुळे सांगताना ओशाळवाणं वाटत नाही.

तक्त्यावर प्रत्येक आठवड्यापुढे एकच नाव लिहायचं: या आठवड्याचं गिऱ्हाईक कोण? जुलैचा पहिला पंधरवडा: भातलावणी, कंपन्यांचे गट. मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजवे. सप्टेंबर-ऑक्टोबरला रानफुलं आणि फोटोग्राफीचे वर्ग. ऑक्टोबरअखेर भातकापणी. हुरडा आपला नाही. तो ज्वारीच्या पट्ट्यातला, नगर-सोलापूर-बारामतीकडचा. भाताच्या पट्ट्यात बाहेरून हुरडा आणून ‘हुरडा पार्टी’ लावली की जाणकार माणूस शेत कुठे आहे म्हणून विचारतो, आणि दाखवायला शेत नसतं.

दर ठरवताना

मधल्या दिवसाचा दर ठरवण्याआधी एक आकडा काढावा लागतो: माणूस आलाच नसता तर जो खर्च झाला नसता, तो. उदाहरणादाखल, एका मुक्कामात दोन जेवणं, नाश्ता आणि दोन चहा यांचा शिधा माणशी २६० रुपये, चादर-उशीची धुलाई ६०, गॅस-वीज-डिझेल ६०, रोजंदारीवरच्या मदतनिसांचा वाटा ४०. झाले ४२०. याच्या वर जे मिळेल ते पगार आणि डागडुजीच्या खात्यात जातं. याच्या खाली गेलं तर रिकामं ठेवणं परवडतं. हा आकडा फोनजवळ लिहिलेला असला म्हणजे घासाघीस सुरू झाल्यावर घाबरून कबूल करणं थांबतं. भाज्या आणि तेलाचे भाव हलतात, म्हणून दर तीन महिन्यांनी तो नव्याने काढायचा.

मधल्या दिवशी सवलत द्यायचीच तर पैशात देऊ नये. मंगळवारी ९०० ने दिलेला दर शनिवारच्या गटापर्यंत पोचायला एक फॉरवर्ड पुरतो. त्याऐवजी सभागृह मोफत, संध्याकाळची भजी आपल्याकडून, निघण्याची वेळ अकराऐवजी चार. रिकाम्या दिवशी निघण्याची वेळ वाढवण्याचा आपल्याला खर्च शून्य, आणि गटाला तो जवळजवळ आख्खा दिवस जास्तीचा वाटतो. शाळांना पंधरा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक मोफत हा रिवाज बऱ्याच ठिकाणी आहे. तो पाळावा, पण दरपत्रकात लिहून. नाहीतर आयत्या वेळी सात शिक्षक उतरतात.

शाळा

सगळ्यात जास्त कष्ट इथे आहेत आणि सगळ्यात जास्त स्थिरपणाही इथेच. एकदा बसलेली शाळा वर्षानुवर्षं येते, तेही मंगळवार ते गुरुवार.

शाळेला विकताना निसर्गाचं वर्णन बाजूला ठेवावं. मुख्याध्यापकांना शिक्षणाधिकारी कार्यालयात प्रस्ताव पाठवायचा असतो, आणि त्या प्रस्तावाला जोडायची कागदपत्रं जो तयार देतो त्याच्याकडे सहल जाते. आम्ही एक फाइल कायम तयार ठेवतो: केंद्राचं पत्र, पर्यटन संचालनालयाची नोंदणी (२०२० च्या कृषी पर्यटन धोरणाखाली ती करता येते), अन्न परवाना, जवळचं ग्रामीण रुग्णालय आणि पोलिस ठाणं किती किलोमीटरवर ते, रात्री केंद्रावर उभी असलेली गाडी, प्रथमोपचाराची सोय, महिला कर्मचारी किती, आणि तासातासाचं वेळापत्रक. झिपलाइन, रॅपलिंग असं काही असेल तर २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार त्याची नोंदणी वेगळी. ती नसेल तर शाळेच्या पत्रकातून हे प्रकार काढूनच टाका.

पाण्याचंही तसंच. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले विद्यार्थी बुडाले, तेव्हापासून पाण्याजवळच्या सहलीचं नाव काढलं की शिक्षण खातं आणि पालक दोघंही सावध होतात. आपण मात्र हौसेने पत्रकाच्या पहिल्या पानावर जलाशयाचा फोटो छापतो. कंपनीसाठी तो फोटो ठीक. शाळेचं पत्रक वेगळं छापावं, त्यात कुंपणाचा, स्वयंपाकघराचा आणि स्वच्छतागृहांचा फोटो असावा, आणि ‘मुलांना पाण्याजवळ नेलं जात नाही’ हे वाक्य ठळक.

स्वच्छतागृहांचा हिशेब तर तोंडपाठ हवा, कारण शिक्षिका तोच प्रश्न पहिल्यांदा विचारतात. पंचेचाळीस मुली, पाच शौचालयं, प्रत्येकी पाच मिनिटं: पाऊण तास. पाच न्हाणीघरं, प्रत्येकी आठ मिनिटं: बहात्तर मिनिटं. म्हणजे नाश्ता साडेआठला हवा असेल तर पहिली तुकडी सव्वासहाला उठली पाहिजे, आणि गरम पाणी तेव्हापासून हवं. डिसेंबरात सकाळी सहाला सौर बंबातलं पाणी पहिल्या वीस मुलींनाच पुरतं, पुढच्यांना थंड. गॅसचा गीझर किंवा लाकडाचा बंब जोडीला हवाच. हे सगळं वेळापत्रकात लिहून दिलं की समोरच्याला कळतं, यांनी शाळा सांभाळलेल्या आहेत.

आणि बस. शाळा बहुतेक वेळा एसटीने येते, कारण शैक्षणिक सहलीला एसटी निम्म्या भाड्याची सवलत देते. पन्नास आसनांची गाडी वळायला साधारण पंचवीस मीटर मोकळी जागा लागते. फाट्यापासून आत येणाऱ्या रस्त्यावर लोंबणाऱ्या विजेच्या तारा, अरुंद साकव, खडा चढ असेल तर चालक गाडी फाट्यावरच उभी करतो आणि मुलं सामान घेऊन चालत येतात. शेवटच्या तीन किलोमीटरचा व्हिडिओ गाडीच्या काचेतून काढून ठेवा. तो पाठवला की चालकाचा प्रश्न शिक्षिकेच्या फोनवरच सुटतो.

सप्टेंबरमधल्या एखाद्या गुरुवारी आठ-दहा शाळांच्या सहलप्रमुखांना स्थळपाहणीला बोलवावं. गाडी आपली, जेवण आपलं, संध्याकाळपर्यंत परत. मुलांना जे वाढणार तेच जेवण वाढायचं; पाहणीला पुरणपोळी आणि सहलीला खिचडी असं केलं की पुढच्या वर्षी पाहणीलाच कुणी येत नाही. पाहणीनंतर सगळ्याच शाळा ठरवत नाहीत, पण ज्या ठरवतात त्या सहसा फिरत नाहीत. एक काळजी घ्या: सहलप्रमुख दोन-तीन वर्षांनी बदलतो. म्हणून मुख्याध्यापक, सहलप्रमुख आणि कार्यालयातले लेखनिक अशा तिघांचे नंबर नोंदवहीत हवेत. लेखनिक बदलत नाहीत.

मुलांचे फोटो जाहिरातीत वापरायचे नाहीत. पाठमोरे, लांबून, तेही शाळेची लेखी परवानगी घेऊन.

कंपन्या, योगवर्ग आणि बाकीचे

कंपनीला सुंदर जागेच्या आधी बिल नीट हवं असतं. एचआर तीन ठिकाणांहून दर मागवते आणि ज्याचं उत्तर पहिल्यांदा आणि पूर्ण येतं त्याच्याशी पुढे बोलते. पॅन, जीएसटी क्रमांक, उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योगाची सरकारी नोंद), रद्द केलेला धनादेश आणि अन्न परवाना अशी एकत्र पीडीएफ तयार असली की वेंडर नोंदणीचे, म्हणजे कंपनीच्या पुरवठादारांच्या यादीत नाव चढायचे, चार दिवस वाचतात. जीएसटी वेगळा दाखवा; दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीभाड्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के आहे, आणि जुन्या १२ टक्क्यांचं दरपत्रक अजून फिरत असेल तर ते आधी मागे घ्या. उद्यम क्रमांक बिलावर छापायला विसरू नये. लेखी करार असेल तर सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून तसे न दिल्यास कंपनीला तो खर्च त्या वर्षीच्या आयकरात वजा धरता येत नाही. मार्चमध्ये अकाउंट्सचा फोन आपणहून येतो तो यामुळे.

सभागृहात वीज गेली तर इन्व्हर्टरवर प्रोजेक्टर किती वेळ चालतो, कुठल्या कंपनीची रेंज कुठे येते, हे आधी सांगावं. ‘इथे नेटवर्क नाही, हीच तर मजा’ हे वाक्य एचआरला सांगू नका. त्यांच्यातल्या दोघांना तरी दुपारी कॉल असतोच.

योगशिक्षक, ध्यानवर्ग, नाट्यकार्यशाळा घेणारे हे तीन ते पाच रात्री राहतात आणि सोमवार-शुक्रवार चालतो, म्हणून ते सोन्यासारखे. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ पासून आहे, इगतपुरीच्या धम्मगिरीला विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं वर्षभर चालतात. दोन्हीकडे शिकण्यासारखं एक आहे: शिबिरांच्या तारखा कितीतरी महिने आधी जाहीर असतात आणि माणूस आपली रजा त्या तारखांना जुळवतो. धम्मगिरी दानावर चालते, तेव्हा दराचा धडा तिथून घेता येत नाही. वेळापत्रकाचा जरूर घ्यावा. आम्ही योगशिक्षकांना माणशी निव्वळ दर देतो, वर त्यांनी किती फी लावायची ते त्यांचं त्यांनी ठरवावं.

यात बिघडतं ते संख्येत. नवीन शिक्षक वीस जण सांगतात आणि नऊ घेऊन येतात. त्यामुळे किमान बारा जणांचे पैसे निश्चित, आणि एकवीस दिवस आधी संख्या पक्की न झाल्यास तारीख मोकळी, असं लिहून घ्यायचं. सभागृहाची फरशी गार असते, तेव्हा सतरंज्यांची जाड थप्पी हवी. जेवणात कांदा-लसूण नको असेल तर फोडणीच्या तेलापासून विचार करावा लागतो; आदल्या रात्रीच्या तळणाचं तेल वापरलं की वासावरूनच कळतं. आणि अशा गटाच्या जोडीला त्या रात्री वाढदिवसाची पार्टी घ्यायची नाही, कितीही पैसे मिळोत. लाउडस्पीकरला रात्री दहानंतर कायद्यानेच बंदी आहे, पण योगवाल्यांना आठ वाजताही तो नको असतो.

दहावीच्या बॅचचे मेळावे हा आणखी एक चांगला धंदा, तो बहुतेक रविवारी लागतो. पन्नास येतो म्हणतात, तीस येतात. जेवणाची किमान संख्या आधी ठरवून घ्या, एवढं पुरे. ज्येष्ठ नागरिक संघ मात्र आठवड्याच्या मधेच येतात, सांगितलेल्या संख्येने येतात, आणि सांगितलेल्या वेळेच्या अर्धा तास आधी. त्यांना खालच्या मजल्यावर झोपण्याची सोय, कमोड, शौचालयापाशी धरायला दांडा आणि रात्रीच्या जेवणात मऊ भात लागतो. एवढं जमलं तर एका संघामागून शेजारच्या चार सोसायट्यांचे संघ येतात, जाहिरात न करता.

फोन आल्यावर

चौकशी आल्यापासून तारीख पक्की होईपर्यंत जे होतं त्यात बुकिंग मिळतं किंवा हातचं जातं. फोनवर चार प्रश्न: तारीख कोणती, किती जण आणि त्यात महिला किती, कुठून येणार, कार्यक्रम काय. पाचवा नोंदवहीसाठी: आमच्याबद्दल कुठून कळलं? अर्ध्या तासात लेखी उत्तर, मराठीत, एका पडद्यावर मावेल एवढं. असं:

‘नमस्कार मॅडम. मंगळवार ८ डिसेंबर ते बुधवार ९ डिसेंबर, ४५ विद्यार्थिनी आणि ३ शिक्षिका. दर माणशी अमुक. यात मंगळवारचं दुपारचं व रात्रीचं जेवण, संध्याकाळचा नाश्ता, बुधवारचा नाश्ता व दुपारचं जेवण, राहणं, शिवारफेरी. यात नाही: बसभाडं. ३ शिक्षिका मोफत. तारीख शुक्रवारी संध्याकाळी ६ पर्यंत तुमच्यासाठी राखून ठेवली आहे. पक्की करायला ३० टक्के, उरलेले येण्याच्या ७ दिवस आधी.’

‘राखून ठेवली आहे’ याला मुदत हवीच. बेमुदत राखलेली तारीख म्हणजे न विकलेली तारीख. मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी एक फोन, मुदत संपल्यावर एक नम्र निरोप, आणि तारीख खुली. सारखा पाठपुरावा केला की माणसं नंबर ब्लॉक करतात.

रद्द करण्याच्या अटी त्याच निरोपात: तीस दिवस आधी सांगितलं तर पूर्ण परत, पंधरा दिवस आधी निम्मे, त्यानंतर पैसे परत नाहीत पण सहा महिन्यांत मधल्या दिवशी दुसरी तारीख. जिल्हा प्रशासनाने बंदी आदेश काढला किंवा घाट बंद झाला, तर पूर्ण परत किंवा नवी तारीख, गटाला हवं ते. ही शेवटची अट लिहायला लोक कचरतात. मावळ-मुळशीत पावसाळ्यात असे आदेश निघतात, धबधब्यांवर जायला मनाई होते, आणि ‘तुमचा धबधबा बंद आहे का’ म्हणून रद्द करण्याचे फोन येतात. अट स्पष्ट असली की निम्म्याहून जास्त गट पैसे मागत नाहीत, तारीख बदलून घेतात.

तारखांची वही एकच ठेवा. दोन ठिकाणी नोंद झाली की एका रात्री दोन गट येणारच. बुकिंगच्या संकेतस्थळांवर खोल्या टाकल्या असतील तर त्यांची कॅलेंडरं एकमेकांशी जुळायला काही तास लागू शकतात. शनिवार त्यामुळे फक्त एकाच ठिकाणी खुला ठेवावा, खरं तर आपल्याच फोनवर. पंधरा-वीस टक्के कमिशन शनिवारवर देण्यात काय अर्थ आहे? मधले दिवस तिथे खुशाल टाका.

गूगल, व्हॉट्सॲप, रील

गूगलवरच्या नोंदीत पिन फाटकावर हवी. जमिनीच्या मधोमध टाकली तर नकाशा माणसाला ओढ्याच्या पलीकडे नेऊन सोडतो. फोटो हंगामानुसार बदलायचे. मार्चमध्ये ऑगस्टचं हिरवंगार लावून ठेवलं की आलेला माणूस सुकलेलं गवत बघतो आणि एक तारा देतो. त्यात त्याचं काही चुकत नाही. परीक्षण मागायची योग्य वेळ बस सुटण्याआधीच्या चहाची. त्याबदल्यात मोफत काही देऊ नये, गूगलच्या नियमांत ते बसत नाही. वाईट परीक्षणाला दोन ओळींत उत्तर: काय झालं, काय दुरुस्त केलं. भांडायचं नाही, पुढचा वाचणारा ते भांडणच वाचतो.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी आपला नंबर जतन केलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून बुकिंग पक्कं होताच संपर्क-कार्ड पाठवून सांगायचं, ‘नंबर जतन करा, घाटात शोधाशोध नको.’ शाळा, कंपन्या, योगशिक्षक, ज्येष्ठ अशा याद्या वेगळ्या. महिन्याला एक निरोप, तोही रिकाम्या तारखांसह: ‘जुलैत ७, ८ आणि १४ मोकळे, लावणी सुरू.’ शुभ सकाळ नाही.

पैसे देऊन जाहिरात करायचीच तर गूगल सर्चवर, ‘एक दिवसाची शालेय सहल पुणे’, ‘टीम आउटिंग मुळशी’ अशा शब्दांवर. आणि ‘लग्न’, ‘नोकरी’, ‘मोफत’, ‘कपल’ हे शब्द वगळायच्या यादीत टाकून. रीलवाल्या मंडळींना फुकट राहायला बोलवण्याबद्दल एवढंच: नोंदवहीत पाचव्या प्रश्नाची उत्तरं बघा. रील बघून आलेले बहुतेक फोन शनिवारचे असतात.

पाऊस

जून ते सप्टेंबर तंबू विकता येत नाहीत, विकूही नयेत. या महिन्यांत खरा माल म्हणजे पक्कं छप्पर आणि कोरडे कपडे. एक खोली कपडे वाळवायला द्या: छताला दोऱ्या, दोन पंखे, एक हॅलोजन, खाली पाणी निथळायला उतार. लावणीला आलेला चाळीसचा गट दुपारी चिखलाने माखून येतो. नळावर होजपाइपने पाय धुण्याची जागा, मग गरम पाणी, मग वाळवायची खोली, मग पिठलं-भाकरी. हा क्रम चुकला की चिखल डॉर्मिटरीच्या गाद्यांपर्यंत जातो. पावसाळ्यात मुक्कामाऐवजी सकाळी नऊ ते संध्याकाळी पाचचा दिवस विकावा; घाट उजेडात उतरता येतो म्हणून कंपन्या लगेच हो म्हणतात.

पुढच्या वर्षीची तारीख

गट निघायच्या आधी, हिशेब झाला की वही उघडायची आणि पुढच्या वर्षीचा तोच आठवडा दाखवायचा. नाव पेन्सिलने लिहायचं, पैसे मागायचे नाहीत. मग त्या तारखेच्या शंभर दिवस आधी फोन: ‘तुमचं नाव लिहिलेलं आहे, ठेवू का?’ बहुतेक जण ठेवा म्हणतात. सणवार सरकलेले असतील तर फोनच्या आधी तारीख आपणच सरकवून ठेवायची. नवीन गट शोधायला जो खर्च येतो त्यापुढे या एका फोनचा खर्च काहीच नाही, आणि तीन-चार वर्षांत डिसेंबरचे मधले दिवस पेन्सिलनेच भरलेले दिसू लागतात.

एवढं करूनही काही आठवडे रिकामे राहतातच: मार्चचा पहिला पंधरवडा, गणपतीचे दिवस. ते सवलती देऊन भरण्यात राम नाही. तेव्हा सेप्टिक टँक उपसायचा, गाद्या उन्हात टाकायच्या, माणसांना सुटी द्यायची. मात्र गूगलवर ‘तात्पुरते बंद’ असं करून ठेवू नका. नोंद तशीच राहून जाते आणि पुढच्या आठवड्याचे फोन थांबतात. ‘विशेष वेळा’ या सोयीत तेवढेच दिवस बंद दाखवा, आणि फोन चालू ठेवा. दिवाळीनंतरच्या सहलींच्या चौकशा गणपतीतच सुरू होतात.